उंदरांपासून गाडीची वायरिंग वाचवायची तर आधी गाडी लावायची जागा बघा

खानापूर तालुक्यातल्या एका मास्तरांनी विचारलं आहे. गाडी पेट्रोलवरची, आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते, बाकी वेळ परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. पावसाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत उंदरांनी दोनदा वायरी तोडल्या. पहिल्यांदा इंजेक्टरच्या, दुसऱ्यांदा पुढच्या डाव्या चाकाच्या एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरची. दुरुस्तीला नेली तर संपूर्ण वायरिंग किट बदलायला सांगितलं. घरच्यांच्या सांगण्यावरून निपाणीची तंबाखूची पानं बांधून झाली, फवारा मारून झाला, आवाज करणारं यंत्रही बसवून झालं. कायमचा इलाज आहे का, आणि किट खरंच बदलायला लागतं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

बेळगावात मी गेली २४ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. जून ते डिसेंबर या काळात असा आठवडा जात नाही की उंदरानं तोडलेली एखादी गाडी दारात आली नाही. इतक्या गाड्या उघडून माझं एक मत पक्कं झालं आहे. बहुतेक लोक इलाज बॉनेटखाली करतात, आणि उंदीर राहतो बॉनेटपासून दहा फुटांवर. तिथं त्याला खायला आणि लपायला मिळतंय तोपर्यंत बॉनेटखाली काहीही बांधा, तो येणार.

तो वायर खायला येत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला चार इंचांहून जास्त. दाताची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असते, त्यामुळे कुरतडत राहिलं की दात झिजतात आणि धारही राहते. तांबं त्या दातांपुढं मऊच आहे, वरचं प्लॅस्टिक तर काहीच नाही. बॉनेटखाली त्याला ऊब मिळते, अंधार मिळतो, पावसाचं पाणी लागत नाही, मांजर आत शिरत नाही. एकदा बसला की घरटं करायला बॉनेटच्या आतलं नमद्यासारखं अस्तर ओरबाडतो आणि वाटेत आडवी येणारी वायर तोडतो. नव्या गाड्यांच्या वायरींवर सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून उंदीर येतात, असं बरेच जण सांगतात. अमेरिकेत त्यावरून कंपन्यांवर खटलेही झाले. पण साध्या पीव्हीसीच्या जुन्या वायरी तोडलेल्या गाड्याही मी हातानं दुरुस्त केल्या आहेत, त्यामुळे सगळा दोष आवरणावर टाकून मोकळं होता येत नाही.

नुकसान मात्र आता फार वाढलं आहे, हे खरं. कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला बॉनेटखाली मोजक्या वायरी होत्या, एखादी तुटली तरी तासाभरात गाडी चालू व्हायची. एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा गाडीच्या धुराचा नियम आला आणि सेन्सर वाढले. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बारीक वायरीला नुसता दात लागून आत ओल गेली तरी डॅशबोर्डवरची चेक लाइट लागते. तुटलेली वायर दिसते तरी, दात लागलेली दिसत नाही. ती शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

आपल्या भागाचं आणखी एक आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पाऊस लागला की शेतातली बिळं पाण्यानं भरतात आणि उंदीर, घुशी उंचावर, कोरड्यात येतात. हा पहिला लोंढा. दुसरा लोंढा सुगीत येतो, भात कापून शिवार मोकळं झालं की. येळ्ळूर, वडगाव, अनगोळकडच्या भाताच्या पट्ट्यातही तेच बघतो. चिकोडी, निपाणीकडं ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात, आणि तिकडच्या गाड्या डिसेंबरात माझ्याकडं येतात. म्हणजे बंदोबस्त मेच्या शेवटाला आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमाराला करायला हवा. वायर तुटल्यावर नव्हे.

कोण येतंय हे आधी ठरवा. याला खर्च नाही. संध्याकाळी गाडी लावली की चारही चाकांभोवती रांगोळीचा किंवा चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं दिसतात, आणि कुठल्या चाकावरून चढतो तेही कळतं, कारण उंदीर बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनंच ये-जा करतो. बॉनेट उघडून बॅटरीवर, एअर फिल्टरच्या डब्यावर, इंजिनच्या प्लॅस्टिक कव्हरखाली लेंड्या बघा. जिऱ्याएवढ्या असतील तर घरातला लहान उंदीर, सीताफळाच्या बीएवढ्या किंवा मोठ्या असतील तर मोठा उंदीर नाहीतर घूस. हा फरक कामाचा आहे. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे ६ ते ७ मिमीच्या भोकातून आत जातो, मोठ्याला साधारण अर्धा इंच लागतं. पिंजराही त्या मापाचाच लागतो.

लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री दिसली तर तिच्या मागं लागू नका. ती किडे खाते, वायर तोडत नाही. पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली, आता प्रश्न मिटला, असं समजून बसलेल्या एका घरात आठ दिवसांनी पुन्हा वायर तुटली होती. दुसरी एक गाडी कॅम्पातली. रात्री बंद गॅरेजमध्ये असायची, गॅरेजला एक भोक नव्हतं, तरी वायर तुटायची. तीन वेळा मीच दुरुस्त केली आणि तीनही वेळा मालकांना गॅरेज तपासायला लावलं. चौथ्यांदा मी त्यांना विचारलं, दिवसा गाडी कुठं असते? ऑफिसबाहेर मोठ्या झाडाखाली, दहा ते सहा. बॉनेटखाली शेंगांची टरफलं सापडली. ती खार होती. गाडी झाडापासून वीस पावलं लांब लावायला सांगितली आणि तिथंच ते थांबलं. हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता. तेव्हापासून कुणीही आलं की रात्रीबरोबर दिवसाचीही जागा विचारतो.

आता मूळ कामाकडं. मास्तर, तुमच्या शेडचा फोटो मी नीट बघितला. गाडीच्या उजव्या अंगाला पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, रचलेली आहे, मागं शेणी आणि लाकडं, आणि भिंतीलगत भाताची चार पोती जमिनीवर. उंदराला यापेक्षा वेगळं काय लागतं? गाडी त्याच्या घराशेजारी उभी आहे. पिंजर आणि लाकडं शेडच्या दुसऱ्या टोकाला न्या, जमल्यास बाहेर ताडपत्रीखाली ठेवा. भात पत्र्याच्या कणगीत किंवा पिंपात घाला, आणि पोतीच ठेवायची असतील तर फूटभर उंच फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागं काय चाललंय ते बघता येतं. कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याच्या ताटातली उरलेली भाकरी, खरकट्याची बादली रात्री उघडी राहू देऊ नका. गाडीच्या चारही बाजूंना दोन-तीन फूट जागा पूर्ण मोकळी आणि झाडलेली पाहिजे. उंदराला उघड्यावरून जायची भीती वाटते, तो भिंतीला अंग घासत जातो. तीन फूट मोकळी जमीन हा त्याच्यासाठी मोठा अडसर आहे.

शेडमधली बिळं सिमेंटात काचेचे तुकडे किंवा लोखंडी काथ्या घालून बुजवा. नुसती माती किंवा नुसतं सिमेंट घूस पुन्हा उकरते. दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीनं बंद करा. शहापूरच्या बोळात राहणाऱ्यांना एवढी जागा नसते हे मला माहीत आहे. तिथं गाडी निदान गटाराच्या झाकणावर आणि रात्रीच्या खाऊगाड्यांच्या शेजारी लावू नये, आणि दोन-तीन दिवसांनी तरी जागा बदलावी. ठरलेली वाट मोडली की फरक पडतो.

गाडीच्या आतलं खाणंही विसरू नका. देवदर्शनाहून आलेला प्रसाद, मुलांची बिस्किटं, डिकीतली शेंगदाण्याची पिशवी. एका गाडीत मागच्या सीटखाली साखरफुटाण्यांची पुडी होती. तिच्यासाठी उंदरानं एसीचा फिल्टर फाडून आतला मार्ग केला होता. गाडी लावताना एसीची हवा आतल्या आत फिरण्याच्या बटणावर ठेवून मगच चावी बंद करा. बहुतेक गाड्यांत त्यामुळे बाहेरच्या हवेची झडप मिटते.

पिंजरा किंवा चाप लावायचा तर भिंतीलगत, त्याच्या वाटेवर लावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस चाप न ओढता नुसता आतला घास ठेवा. तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भाजलेले शेंगदाणे, सुकं बोंबील, यांतलं त्या शेडमध्ये तो एरवी खातो तेच जास्त चालतं. तो निर्धास्त खायला लागला की चाप ओढा. लहान उंदराच्या बाबतीत एवढी वाट बघावी लागत नाही. आणि एक सापडला म्हणून थांबू नका. लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दीड महिन्यात स्वतः वयात येतात.

विषाबद्दल माझं मत कडक आहे. गाडीत किंवा गाडीखाली विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मेला की डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय वास जात नाही. मेलेला उंदीर मांजरानं, घुबडानं खाल्ला तर तेही जातं, आणि खरं राखण तेच करतात. घरात लहान मुलं असतील तर पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणूच नका, ती यकृत निकामी करते आणि तिच्यावर उतारा नाही. परड्यात धामण दिसली तर तिलाही राहू द्या. घरातल्या मोठ्यांना गणपतीचं वाहन म्हणून उंदीर मारवत नसेल तर त्यात गैर काही नाही. जागा मोकळी ठेवणं आणि वाटा बुजवणं या दोन गोष्टींना जीव घ्यावा लागत नाही, आणि टिकतातही त्याच.

एवढं झालं की मग बॉनेट. खालून आणि चाकाच्या बाजूनं जिथून आत वाट आहे तिथं ६ मिमी जाळीची, वेल्डिंग केलेली गॅल्व्हनाइज्ड तारजाळी बसवता येते. काचेखालच्या हवेच्या खिडकीलाही आतून बारीक स्टीलची जाळी लावावी. हे काम वायरिंग समजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. रेडिएटरसमोर जाळी नको, पाणी जायची भोकं बंद नकोत, सायलेन्सरजवळ आणि फिरत्या पट्ट्याजवळ तर काहीच नको. मुख्य वायरिंगवर जाड गुंफलेली स्लीव्ह चढवावी. होंडानं तिखटातला कॅप्सेसिन घातलेली एक टेप काढली आहे, ती मिळाली तर सेन्सरच्या उघड्या वायरींवर गुंडाळायला चांगली. आणि शेड बंद असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा. हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय मी आजही सांगतो, कारण अंधार आणि ऊब दोन्ही जातात. फक्त बॉनेटखाली दिवा असेल तर तो बंद होतोय ना ते बघा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली. स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवा, बॉनेट नीट न लावता गाडी बाहेर काढू नका.

तंबाखूच्या पानांनी माझ्याकडच्या काही गाड्यांत पंधरा दिवस फरक पडलेला मी बघितला आहे. पण वास उडाला की ते वाळलेलं पान म्हणजे घरट्याचं सामान, आणि गरम सायलेन्सरवर पडलं तर पेटायला वेळ लागत नाही. संकेश्वरी मिरचीची पूड टाकणारेही भेटतात. पंख्यानं ती उडून माझ्या डोळ्यांत गेली आहे, आणि हवेच्या खिडकीतून मागं बसलेल्या लेकरांच्या नाकातही जाते. डांबराच्या गोळ्यांचा वास बंद गाडीत श्वासाला वाईट, त्या नकोच. रॉकेल, डिझेल चोळणं तर थेट आगीशी खेळ आहे, आणि त्यानं रबरी पाइपही फुगतात. आवाजाच्या यंत्रावर माझा भरवसा नाही. तो बारीक आवाज इंजिनच्या आडोशाला पोचत नाही आणि उंदराला त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच अशी यंत्रं विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून पत्रं पाठवली होती. फवाऱ्याचा उपयोग जोडीला म्हणून होतो, पण आपल्याकडच्या पावसात तो दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा मारावा लागतो.

तुमची गाडी आठवड्यात दोनदाच निघते, हेही मोठं कारण आहे. रोज सकाळी चहाआधी बॉनेट उघडून एकदा बघायचं, एवढं केलंत तर नुकसान एका रात्रीपुरतं राहतं. पेट्रोलचा वास आला तर चावी लावूच नका. रबरी इंधन पाइप कुरतडलेला असू शकतो. गाडी ढकलून शेडबाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. चेक लाइट स्थिर पेटली असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं, पण ती मिचमिचत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तिथंच थांबा.

आता किटचा प्रश्न. तीन-चार वायरी तुटल्या म्हणून संपूर्ण किट बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. किट बदलायचं ते कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या, तोंडाशीच वायरी तुटून जोडायला जागा उरली नसेल तेव्हा, किंवा एका जागी वीस-पंचवीस वायरींचा भुगा झाला असेल तेव्हा. बाकी वेळी जोडणी पुरते, पण ती नीट व्हायला हवी. पिळून वर टेप, हे चालत नाही, पहिल्याच पावसात ओल धरते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. तांबं काळं पडलेलं असेल तर चकाकणारं लागेपर्यंत मागं कापायचं. त्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची वायर घालून क्रिंप (धातूच्या नळीत दाबून जोड) किंवा सोल्डर करायचं आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवायची. सगळे सांधे एका रेषेत न ठेवता दोन-तीन सेंटीमीटर पुढंमागं ठेवायचे.

दोन ठिकाणी चांगले मेकॅनिकही चुकतात. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर करू नये. अनेक सेन्सर त्या वायरीच्या तारांमधूनच तुलनेसाठी बाहेरची हवा घेतात, सोल्डरनं ती वाट बंद होते आणि सेन्सर चुकीचं सांगायला लागतो. तिथं क्रिंपच. दुसरं म्हणजे कॅन लाइनच्या, गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या, एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी. त्या जोडल्यावर पीळ पुन्हा तसाच द्यायचा, उघडा भाग कमीत कमी ठेवायचा, आणि बॅटरी काढलेली असताना दोघींमध्ये मीटरवर साधारण ६० ओहम येतात का बघायचं. १२० आले तर कुठंतरी अजून तुटलेलं आहे. पिवळ्या आवरणातली एअरबॅगची वायर आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीची केशरी केबल यांना गल्लीतल्या कुणाकडूनही हात लावू देऊ नका. केशरी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

एबीएसची वायर तुमच्या बाबतीत चाकाजवळ तुटली आहे, आणि तिथली वायर स्टिअरिंगबरोबर हलते. तिथला जोड टिकत नाही. तेवढा सेन्सर वायरसकट नवा घाला, किट नको.

दुरुस्तीआधी साफसफाई. मुताच्या वासानं दुसरे उंदीर त्याच जागी येतात, म्हणून घरटं नुसतं काढून भागत नाही. हातमोजे आणि मास्क घाला, कोरडं झाडू नका. ब्लीचचं पाणी हलकं फवारून दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्यानं उचला, कपलरवर पाणी मारू नका. लेप्टोला कन्नडमध्ये इली ज्वर म्हणतात, उंदराचा ताप. तो उंदराच्या मुतातूनच येतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात हातापायाला चिखलाच्या जखमा असतातच.

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर उंदराचं नुकसान धरलंय का हे पॉलिसीत वाचा आणि एजंटाकडून लेखी घ्या. वायरीला हात लावण्याआधी तुटलेल्या जागेचे, लेंड्यांचे, घरट्याचे फोटो काढा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काम सुरू करू नका.

मास्तर, या रविवारी शेड आवराल तेव्हा एक सांभाळा. पिंजर आणि लाकडं हलवली की त्यातले उंदीर उठतात आणि त्याच रात्री नवी जागा शोधतात. सगळ्यांत जवळची, उबदार जागा तुमचं बॉनेटच असतं. म्हणून आवरायला घेण्याआधीच गाडी बाहेर काढा, चार-पाच रात्री रस्त्याच्या कडेला दिव्याखाली लावा, शेडमध्ये पिंजरे ठेवा, आणि रांगोळीवर दोन रात्री एकही पाऊल उमटलं नाही की मगच गाडी परत आत घ्या.